चिंधी, वाकळ आणि शालूचा बटवा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप दरवर्षी आषाढातच येतो आणि दरवर्षी मी रेल्वे इंजिनाबद्दल चार पाने लिहून मोकळा होतो. यंदा चिटणीसांनी आधीच बजावले, "इंजिन नको. महिलावर्गानेही वाचावे असे काहीतरी द्या." महिला इंजिनाबद्दल वाचत नाहीत हे मला मान्य नाही, पण असो. विषय मला गेल्या वर्षीच्या मंडपातच मिळाला होता.

गेल्या गणपतीत आपल्या महिला मंडळाने एका टेबलावर हाताने शिवलेल्या पर्स आणि बटवे मांडले होते. बनारसी कापडाचे कुठलाही आकार नसलेले वेडेवाकडे तुकडे एकमेकांना जोडलेले, प्रत्येक जोडावर रंगीत रेशमाचा टाका, आत सुती अस्तर. आमच्या सौ. शिवणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे टेबल लावणे, उचलणे आणि रात्री हिशेब लिहिणे ही कामे माझ्याकडे होती. तिसऱ्या दिवशी एका परिचितांची अमेरिकेत शिकणारी मुलगी आली आणि म्हणाली, "अय्या, हे तर क्रेझी क्विल्टिंग!" तिकडे याची पुस्तके आहेत, वर्ग चालतात, असे तिने कौतुकाने सांगितले. झाले! शेजारी उभे असलेले एक काका लगेच म्हणाले, "म्हणजे हेही आपले नव्हेच. तिकडचीच नक्कल." मुलीचा हेतू चांगला होता, काकांचाही वाईट नसावा, पण शिवणाऱ्या काकू हिरमुसल्या. त्यातल्या एक पंच्याहत्तरीच्या आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, "मी लहानपणापासून वाकळा शिवते. मला काय ठाऊक अमेरिका?"

मी डिप्लोमावाला मनुष्य, इतिहासाचा पदवीधर नाही. परंतु एखादा पार्ट हातात आला की याचे मूळ ड्रॉइंग कोणाचे, बदल कोणी आणि का केला, हे शोधण्याची सवय वर्कशॉपने लावली आहे. त्या सवयीने वर्षभर फावल्या वेळात जे वाचले, पाहिले आणि घरात विचारले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम अमेरिकेचे पाहू. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून फिलाडेल्फिया शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. सुमारे एक कोटी लोकांनी ते पाहिले. तिथे जपानने आपला विभाग मांडला होता. जपानी वस्तूंमध्ये डावी-उजवी बाजू सारखी नसते, तडे गेलेल्या बर्फासारखी किंवा चिनीमातीच्या भांड्यावरच्या बारीक भेगांसारखी नक्षी असते. तिकडच्या बायकांना ती नक्षी फार आवडली. इंग्लंडच्या भरतकामाचे नमुनेही त्याच प्रदर्शनात होते. या दोहोंच्या मेळातून पुढल्या दहा-पंधरा वर्षांत रेशीम आणि मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडून त्यावर भरतकाम करण्याची लाटच आली. इंग्रजीत वेड्याला जो शब्द आहे, त्याच्याशी जुळणारा शब्द भांड्यावरच्या भेगांनाही आहे. त्यामुळे नाव नेमके कशावरून पडले यावर मतभेद आहेत. रेशमाचे कारखाने रंगीत तुकड्यांची पुडकी टपालाने विकू लागले, मासिकांतून टाक्यांचे नमुने येऊ लागले. रजया झाल्या, तसे उशांचे अभ्रे, टेबलावरची आच्छादने, हातातल्या पिशव्या, पर्स हेही झाले. विसावे शतक उजाडता उजाडता ती लाट ओसरली.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ही रजई पांघरायची नव्हती. तिच्यात बहुधा कापूस भरलेला नसे, थर फक्त जागोजागी गाठी मारून बांधलेले असत. दिवाणखान्यात पाहुण्यांना दिसेल अशी टाकून ठेवायची. चिंधी ही श्रीमंतीची वस्तू झाली होती, कारण ती रेशमाची चिंधी होती. दुसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या माणसाला फार रंजक वाटेल. रेशमाच्या धाग्यावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढला की धाग्याचे वजन जवळजवळ पाव भागाने घटते. रेशीम विकले जाते वजनावर. मग कारखानदार हे घटलेले वजन भरून काढण्यासाठी रेशमाला कथिलासारख्या धातूंच्या क्षारांचे पाणी पाजू लागले. कापड जड झाले, सळसळू लागले, गिऱ्हाईक खूष! पण ते क्षार धाग्याला आतून खातात. त्यामुळे आज तिकडच्या संग्रहालयांमध्ये त्या काळच्या रजयांतले सुती आणि मखमली तुकडे शाबूत दिसतात आणि रेशमाचे तुकडे उभे-उभे चिरफाळलेले दिसतात. वजन वाढवून माल खपवण्याची युक्ती किती जुनी आहे पाहा. शालूचा प्रसंग पुढे येणार आहे, तेव्हा वजनाचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता आपल्या गावाकडे येऊ. गाव म्हणजे काशीच म्हणतो मी. इथून सारनाथ जेमतेम दहा किलोमीटर. बुद्धाने पहिला उपदेश जिथे केला ते हे ठिकाण आपण पाहुण्यांना दाखवतो, स्तूपाला फेरी मारतो आणि परत येतो. तुकडेजोड कापडाची एक जुनी तपशीलवार हकीकत मात्र त्याच परंपरेच्या ग्रंथांत आहे, हे मला ठाऊक नव्हते. सुरुवातीचे भिक्षू उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून अंगावर घेत. त्या वस्त्राला पांसुकूल म्हणत, म्हणजे धुळीच्या ढिगातले. पुढे लोक नवे कापड दान देऊ लागले तेव्हा प्रश्न आला. विनयपिटकात हकीकत आहे की, मगध देशातून जाताना बुद्धाने बांधांनी विभागलेली भातशेते पाहिली आणि आनंदाला विचारले, भिक्षूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, मधे शिवणींचे बांध घालून तसे चीवर बेतून दाखवले. तेव्हापासून भिक्षूचे वस्त्र नवे मिळाले तरी कापून, मग जोडूनच वापरायचे असा नियम झाला. कारणही दिले आहे. शस्त्राने कापलेले कापड श्रमणाला शोभते आणि दुसऱ्या कोणाला त्याचा लोभ सुटत नाही. म्हणजे कापड चोरण्याजोगे राहत नाही! त्याच पाली ग्रंथांत काशीच्या तलम आणि महागड्या कापडाची वारंवार तारीफ आहे. या दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात, एकाच काळात नांदत होत्या.

संस्कृतात अशा ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणतात. बंगालची कांथा आणि इकडची कथरी ही त्याच शब्दाची लेकरे. आमच्या शॉपमध्ये बलियाकडचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना मी मोबाईलवर वाकळीचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "पाटील साहेब असोत की यादवजी, हिवाळ्यात सगळ्यांची आई एकच. कथरी!" बिहारात मुजफ्फरपूरकडे हिलाच सुजनी म्हणतात आणि तिच्यावर चित्रे भरतात.

महाराष्ट्रात आपण गोधडी म्हणतो, पश्चिम महाराष्ट्रात वाकळ. करण्याची रीत वाचकांच्या घरी कोणी ना कोणी पाहिलेली असेलच, तरी नव्या पिढीसाठी लिहितो. जुनी नऊवारी लुगडी, धोतरे धुऊन मऊ झालेली. खाली एक आणि वर एक अख्खे लुगडे, मधे तुकड्यांचे थर, जमिनीवर ताणून अंथरायचे, चारी कडांना दगड किंवा पाटे-वरवंटे ठेवायचे. मग कडेकडेने धावदोरा घालत आत आत यायचे. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचे तर शेकडो समांतर टाके प्रत्येक थराला पकडतात, त्यामुळे एक थर विरला तरी भार बाकीच्यांवर वाटला जातो आणि वस्तू एकदम फाटत नाही. वरचा थर झिजला की त्यावर नवे ठिगळ. आमच्या भुसावळच्या घरी एक गोधडी होती, तिच्यात माझ्या पणजीच्या लुगड्यापासून माझ्या शाळेच्या खाकी चड्डीपर्यंत सगळे होते. तिचे वजन एवढे होते की, थंडीत अंगावर घेतली की कूस बदलायला मदतनीस लागे.

बाळंतपणात तेच कापड पुन्हा वेगळ्या रूपात येते. आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे, खणाच्या तुकड्यांची कुंची. नव्या कापडाने बाळाला ओरखडे येतात, जुने कापड मऊ असते, एवढे साधे कारण. पण माणूस या जगात येतो तो आजीच्या चिंधीत, हे खरेच.

गंमत पाहा, फिलाडेल्फियाचे प्रदर्शन भरले त्याच १८७६ साली, २३ फेब्रुवारीला, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. तेच आपले गाडगेबाबा. चिंध्या जोडलेला अंगरखा घालून गावोगाव झाडू मारत फिरायचे म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणत. तिकडे रेशमाच्या चिंध्या दिवाणखान्यात चढत होत्या आणि इकडे त्याच काळात जन्मलेला एक मनुष्य सुती चिंध्या अंगावर घेऊन धर्मशाळा बांधत सुटणार होता. सारनाथच्या भिक्षूंप्रमाणेच त्यांच्याही अंगरख्याचा कोणाला लोभ सुटण्यासारखा नव्हता.

चिंधीला मराठीत मान नाही हे कबूल केले पाहिजे. कंजूष माणसाला आपण चिंधी म्हणतो. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे म्हणतो. परंतु द्रौपदीची गोष्ट आपल्याच घरांत सांगितली जाते. कृष्णाचे बोट कापले, नारद चिंधी मागायला आले, सुभद्रेला एवढ्या भरजरी वस्त्रांत चिंधी सापडेना आणि द्रौपदीने नेसलेले भरजरी वस्त्र टरकन फाडून दिले. १९५३ सालच्या 'श्यामची आई' चित्रपटाने ही गोष्ट घरोघरी पोचवली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला कृष्णाच्या बोटापेक्षा त्या शालूचे पुढे काय झाले याचीच काळजी वाटायची. आईला विचारले तर म्हणाली, "काय होणार? बायकांनी बटवे शिवले असतील."

बटव्याकडेच येतो. आजीबाईचा बटवा हा शब्दप्रयोग आता औषधांच्या सदरापुरता उरला आहे, पण बटवा ही खरोखरची वस्तू होती. दोन पाकळ्या, वर नेफा, त्यातून दोन बाजूंनी ओवलेल्या दोन नाड्या. दोन्ही ओढल्या की तोंड बंद, मधे बोट घातले की उघडे. ना चेन, ना बटण, काही मोडायला नाही. चंची हा तिचा थोरला भाऊ. लांबट पट्टीवर ओळीने कप्पे, पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू यांना वेगवेगळे घर, मग गुंडाळी करून दोरीने बांधायची आणि कमरेला खोचायची. एवढे छोटे कप्पे शिवायला मोठे कापड कोण फाडणार? त्यामुळे चंच्या आणि बटवे हे पहिल्यापासून उरलेल्या तुकड्यांचेच काम राहिले. खणाची चोळी बेतली की कोपरे उरत, त्या कोपऱ्यांचा बटवा होई.

याच संदर्भात एक माहिती देण्याचा मोह आवरत नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, यांतील बरेच गोव्यातील गुलामीतून निसटून रानात आले. घरात कोकणी बोलतात, अनेकांना मराठीही येते. त्यांच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात. घरच्यांचे जुने कपडे, मिळतील त्या आकाराचे तुकडे, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत. चार कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी घालून लावलेली फुले असतात. फुलांशिवाय कवंद उघडेनागडे, असे त्या मानतात. २००४ साली तिथल्या शिवणाऱ्या बायकांची एक सहकारी संस्था सुरू झाली आणि पुढे त्यांच्या कवंदांची अमेरिकेत प्रदर्शने झाली. तेव्हा गेल्या वर्षीच्या काकांना माझे नम्र उत्तर असे की, वाट एकेरी नाही. जपानची नक्षी अमेरिकेत गेली, सिद्द्यांची कवंदही गेली. फाटके कापड जिथे जिथे आहे, तिथल्या बायकांना ते जोडायला कोणी शिकवावे लागले नाही. अमेरिकेने त्याला नाव दिले, पुस्तक छापले, तारीख घातली. फरक तेवढाच.

आणि हा फरक लहान नाही. आपल्या स्मरणिकेत गागाभट्टांवर लेख येतो, कारण १६७४च्या राज्याभिषेकाची कागदपत्रे आहेत. अहिल्यादेवींवर येतो, कारण त्यांनी १७८०च्या सुमारास उभारलेले विश्वनाथाचे मंदिर डोळ्यांपुढे आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, भोसले घाट यांच्यावर येतो. यांच्या मागे मागे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बायका काशीला आल्या, कितीतरी जणी विधवा होऊन, उरलेले आयुष्य काढायला आल्या. त्या काय नेसत, काय शिवत, त्यांच्या बटव्यात काय असे, याचा एकही कागद नाही. जी वस्तू होती ती वापरून वापरून संपली. गोधडीचे भाग्यच असे की, ती उपयोगी पडली तेवढी नाहीशी झाली. अमेरिकेतली रजई टिकली, कारण ती कोणी पांघरली नाही.

आता काशीचे तुकडे. बनारसी कापडावर बुट्टी काढायच्या ज्या रीती आहेत, त्या विणकरांकडून समजून घेतल्यावर तुकड्यांची पारख येते. कढवा रीतीत प्रत्येक बुट्टी माग चालू असताना वेगळ्या छोट्या कांडीने तिथल्या तिथे विणतात. मागून पाहिले तर सुटे धागे दिसत नाहीत. वेळ फार लागतो. फेकवा रीतीत जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकला जातो, त्यामुळे दोन बुट्ट्यांमधला धागा मागच्या बाजूला लोंबतो. तो कापून टाकला की कटवर्क. हे कापण्याचे काम विणकरांच्या घरातल्या बायका-मुली करतात आणि त्यांचेही नाव कुठे येत नाही. मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा या वस्त्यांतून आणि शिंप्यांकडून निघणारी कतरन वजनावर मिळते. आमच्या सौ. दोन-तीन महिन्यांनी एक पिशवी आणतात. माझे काम पिशवी उचलणे.

फेकव्याचा तुकडा कापला की कडेचे धागे भराभर सुटतात, म्हणून शिवणीला पाव इंच सोडून चालत नाही, अर्धा इंच लागतो. हल्लीची बरीचशी जर ही प्लॅस्टिकच्या चकाकत्या पट्टीची असते, तिला गरम इस्त्री लावली की ती आक्रसते. म्हणून आधी कोपऱ्यावर इस्त्री लावून पाहायची. जुन्या मलमलीचा एक पाया घ्यायचा. त्याच्या साधारण मध्यावर पाच बाजूंचा एक तुकडा ठेवायचा. दुसरा तुकडा त्यावर उलटा ठेवून एका बाजूने टीप मारायची, मग तो उलगडून दाबायचा. तिसरा, चौथा, असे फिरत फिरत पाया झाकायचा. मग प्रत्येक जोडावर रेशमी धाग्याने साखळी टाका, काजटाका किंवा मच्छीकाटा. हे टाके शोभेचे वाटले तरी ते जोडाला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. प्लेट कापताना वाया जाणारा पत्रा कमीत कमी व्हावा म्हणून आम्ही कारखान्यात नकाशावर तुकडे बसवत डोके खाजवतो. इथे वाया जाणे हा प्रकारच नाही, कारण जो आकार उरला तोच पुढचा तुकडा.

मी हिशेबनीस असल्यामुळे एक गोष्ट नोंदवतो. एका मध्यम पर्सला सौ.ला तेरा ते चौदा तास लागतात. गेल्या वर्षी ती साडेतीनशेला विकली. कतरन, अस्तर, धागा, चेन वजा जाता तासाला वीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. तरी टेबलापाशी घासाघीस करणारे आपलेच लोक होते, हे खेदाने लिहितो. यंदा मंडळातील भगिनींनी ठरवले आहे की, प्रत्येक वस्तूच्या अस्तरावर शिवणारीचे नाव आणि साल टाक्यांनी घालायचे. किंमत पाचशे. मला हे दोन्ही निर्णय पसंत आहेत.

शेवटी शालू. महाराष्ट्रात लग्नात नवरीला बनारसी शालू लागतो, आणि माझ्या आजीच्या लग्नात, १९४८च्या आसपास, असा एक शालू घेतला होता. तो काशीहून निघून भुसावळला गेला. मी डीएलडब्ल्यूमध्ये नोकरीला लागलो (२०२०पासून कारखान्याचे नाव बीएलडब्ल्यू झाले, पण तोंडात अजून जुनेच येते) आणि वडील गेल्यावर आई इकडे राहायला आली, तेव्हा महानगरी एक्स्प्रेसने तो ट्रंकेतून परत काशीला आला. तोवर घड्यांवर तो पार विरला होता. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. वर्षानुवर्षे एकाच घडीवर दुमडून राहिली की ती तार रेशमाला कापते. नेसणे शक्य नव्हते.

जुनी जर विकत घेणारे फेरीवाले आपल्या गल्ल्यांत येतात, ते वाचकांनी पाहिले असतील. असे शालू ते वजनावर घेतात, पुढे ते जाळून चांदी काढली जाते. शेकडो वर्षांचे उत्तम विणकाम याच वाटेने भट्टीत गेले आहे. असाच एक जण दारात आला. त्याने शालू तळहातावर तोलला, एक धागा उपसून काडीने जाळून पाहिला आणि आकडा सांगितला. आकडा चांगला होता. मला मोह झाला, हे लपवत नाही. त्या महिन्यात मुलीच्या क्लासची फी भरायची होती. आईने आतून विचारले, "आणि कापडाचे काय देणार?" तो म्हणाला, "कपडे का क्या दाम, माताजी, कपडा तो जल जाएगा." आईने शालू उचलून आत नेला.

पुढचे तीन आठवडे आई आणि सौ. यांनी तो शालू घडीघडीवर वेगळा केला. उलट्या बाजूला हात फिरवून सौ. म्हणाल्या, "आई, हा कढवा आहे." एकही सुटा धागा नव्हता. शाबूत भाग वेगळा, विरलेला वेगळा. विरलेल्या भागाखाली मलमल लावून वरून बारीक धावदोरा घालून तो पक्का केला, अगदी गोधडीसारखा. त्यातून सहा बटवे झाले. माझ्या दोन बहिणी, सौ., आमची मुलगी आणि दोन भाच्या. तुकडे वेडेवाकडे होते, कारण विरण्याला आकार नसतो. मधे मधे आजीच्या सुती लुगड्याचे तुकडे आणि इकडची थोडी कतरनही बसवली. एका भाचीच्या बटव्यात हल्ली कानात घालायचे वायर असतात, दुसरीच्यात ऑफिसचे कार्ड.

पदर मात्र आईने कापू दिला नाही. वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून तो तिच्या ट्रंकेत आहे. दर दसऱ्याला ती तो बाहेर काढते, सावलीत तासभर पसरते आणि घडी बदलून, म्हणजे मागच्या वर्षी जिथे दुमडला होता तिथे सपाट येईल अशा बेताने, परत ठेवते.